फ्रीजरमधला डबा आणि संशयाची नजर

शाबान महिना सरत आला की मोहल्ल्यातल्या घरांत मोठी पातेली माळ्यावरून खाली येतात. तीन-चार किलो मांस एकदम आणायचे, त्याचे सालन करायचे, डबे भरून फ्रीजरमध्ये ठेवायचे, अशी रीत अलीकडे बऱ्याच घरांत पडली आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हा खाण्याचा सोस वाटेल, पण यामागे हिशेब आहे तो वेळेचा.

चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या तोंडावर आला आहे. घरातली बाई पहाटे चारला उठून सहेरी करते, मुलांना शाळेत धाडते, नोकरी असेल तर कामावर जाते आणि संध्याकाळी मगरिबच्या आत दस्तरखान मांडते. तिचाही रोजा असतोच. त्यात रश्श्याचे मीठसुद्धा मनमोकळे चाखून पाहता येत नाही. रमजानआधी केलेल्या सालनाचे मीठ-तिखट मात्र बिनघोर चाखता येते. इफ्तारच्या वेळी डबा फक्त गरम करायचा असला की वाचलेला तासभर तिला तिलावतीला मिळतो, नाही तर नुसते पाठ टेकायला.

महाराष्ट्रात हे मांस बहुतेक घरांत म्हशीचे असते. बोलीत त्याला ‘बडे का’ म्हणतात. बोकडाच्या मटणाचा दर किलोला ७०० रुपयांच्या पुढे गेला आहे, तर म्हशीचे मांस त्याच्या साधारण निम्म्या किंवा त्याहून कमी दरात मिळते. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला महिनाभर मांस परवडते ते याच फरकामुळे.

हे मांस चिवट असते आणि आधी करून ठेवायला नेमके तेच उपयोगी पडते. कांदा तांबूस तळून, आले-लसूण आणि मसाल्यात तुकडे भाजून, झाकण घालून मंद आचेवर अडीच-तीन तास शिजवले की स्नायूंमधले चिवट धागे विरघळतात आणि रस्सा दाट होतो. गार झाल्यावर तो खिरीसारखा थिजतो. दुसऱ्या दिवशी हेच सालन जास्त चवदार लागते, हे कोणतीही जुनी गृहिणी सांगेल.

मात्र साठवणीचे नियम पाळले पाहिजेत. शिजलेले सालन उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत गार करून आत ठेवावे. डबे एका वेळी संपतील एवढेच भरावेत आणि वर बोटभर जागा सोडावी, कारण गोठताना रस्सा फुगतो. बटाटा आणि दही आधी घालू नये. गोठल्यावर बटाटा भुसभुशीत होतो आणि दही फाटते. उणे १८ अंशांना सालन दोन-तीन महिने चांगले राहते. नुसत्या फ्रीजमध्ये ते तीन-चार दिवसांत संपवावे. खाण्याआधी खळखळून उकळी आणावी आणि एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये. वीज बराच वेळ गेली तर फ्रीजरचे दार उघडूच नये. वीज आल्यावर डब्यात बर्फाचे कण शिल्लक असतील तरच त्यावर भरवसा ठेवावा.

इतकी साधी ही गोष्ट. पण गेल्या दहा-बारा वर्षांत या डब्याला आणखी एक बाजू चिकटली आहे, ती भीतीची. सप्टेंबर २०१५ मध्ये उत्तर प्रदेशात दादरीजवळच्या बिसाहडा गावात गोमांसाच्या अफवेवरून जमावाने एका माणसाचा जीव घेतला आणि त्याच्या घरातले मांस प्रयोगशाळेत तपासणीला गेले. तेव्हापासून फ्रीज ही चौकशीची जागा झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये असेच महाराष्ट्रात घडले. डब्यांत मांस घेऊन मुलीकडे कल्याणला निघालेल्या एका वृद्धाला इगतपुरीजवळ धावत्या रेल्वेत सहप्रवाशांनी मारहाण केली. बापाने लेकीच्या घरी खाऊ न्यावा, हा रिवाज कोणत्याही धर्माच्या घराला समजेल असा आहे. त्या दिवशी तोच त्याच्या अंगाशी आला.

अशा वेळी कायदा काय म्हणतो, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत हवे. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आली. मार्च २०१५ पासून ती वळू आणि बैलांनाही लागू झाली. म्हैस आणि रेडा या बंदीत येत नाहीत. ठरलेल्या तपासणीनंतर आणि दाखल्यानिशी त्यांची कत्तल कायदेशीर आहे. देशातून जे मांस परदेशी जाते आणि ज्याला सर्रास ‘बीफ’ म्हटले जाते, तेही म्हशीचेच. गाय-बैलाच्या मांसाच्या निर्यातीला बंदी आहे.

६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बैल-बंदी कायम ठेवली, पण त्याच कायद्यातली दोन कलमे रद्द केली. राज्याबाहेर कत्तल झालेले गोवंशाचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम खासगी जीवनाच्या हक्काविरुद्ध असल्याचे न्यायालयाने म्हटले. आपण निर्दोष असल्याचे आरोपीनेच सिद्ध करावे, असे सांगणारे कलमही गेले. या निकालाविरुद्धची अपिले सर्वोच्च न्यायालयात गेली आहेत. तरी निकालाचा गाभा स्पष्ट आहे. पुरावा देण्याची जबाबदारी सरकारपक्षाची आहे, स्वयंपाकघरातल्या बाईची नाही.

व्यवहारात मात्र उलटे चालते. मसाल्यात शिजलेले मांस कोणत्या जनावराचे, हे वासावरून किंवा डोळ्यांनी ठरत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते आणि अहवाल यायला वेळ लागतो. तोवर संशयच निकाल होऊन बसतो. म्हणून लोक कायद्याने मागितलेली नसली तरी दुकानाची पावती जपून ठेवतात, लेकीकडे डबा पाठवताना दोनदा विचार करतात. निर्दोषपणाचा पुरावा रोज जवळ बाळगावा लागणे, हीसुद्धा एक शिक्षाच आहे.

याची झळ एकाच समाजाला लागते असेही नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी थांबवली. कायदेशीर वाहतुकीच्या म्हशीही रस्त्यात अडवल्या जातात, अशी त्यांची तक्रार होती. खासगी व्यक्तींना वाहने अडवून तपासण्याचा अधिकार नाही, हे अखेर पोलिसांना परिपत्रक काढून सांगावे लागले. पण भाकड म्हैस विकून दुभती घेणारा शेतकरी बहुतेक ठिकाणी हिंदूच असतो. आठवडी बाजारात गिऱ्हाईक आले नाही तर जनावर परत न्यायचे, चारा घालायचा आणि कर्जाचा हप्ताही भरायचा. दूध, शेत आणि खाटकाचे दुकान यांची साखळी अशी एकमेकांत गुंतलेली आहे.

गाईबद्दल शेजाऱ्याच्या मनात असलेली श्रद्धा खरी आहे आणि तिचा मान राखणे मुस्लिम घरांनाही मान्य आहे. म्हणूनच बहुसंख्य घरे कायद्याच्या चौकटीत राहून म्हशीकडे वळली. आता दुसऱ्या बाजूने एवढेच हवे की, संशय आला तर दार ठोठावण्याचे काम पोलिसांवर सोडावे आणि तेही रीतसर. गावातल्या शांतता समितीच्या बैठकीत रमजानच्या आधी या कायद्याची दोन वाक्ये मोठ्याने वाचली गेली, तरी बऱ्याच अफवा जागीच थांबतील.

पैगंबरांनी आपले सहकारी अबू जर यांना रस्सा करताना पाणी थोडे वाढवून शेजाऱ्यांची आठवण ठेवायला सांगितले होते. मिश्र वस्तीत ही शिकवण वेगळ्या रूपात पाळली जाते. शाकाहारी शेजाऱ्याकडे सालन जात नाही, तिथे इफ्तारची फळे जातात आणि ईदला शीरखुर्मा जातो. दिवाळीत त्याच भांड्यातून फराळ परत येतो. अशी भांडी ज्या गल्लीत ये-जा करतात, तिथे शेजारच्या फ्रीजरमध्ये काय आहे, हे बाहेरच्या कोणी येऊन सांगावे लागत नाही.