साठी यायच्या आधीच

चकली मोडता मोडता असला विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. पण 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ऐकली की अलीकडे माझे डोके फिरते. बुद्धी नाठायला साठीच लागते हे सांगितले कुणी? डॉक्टर अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळात जिला तपासले, आणि जिच्या दुखण्याला पुढे त्यांचे नाव मिळाले, ती बाई ५१ वर्षांची होती!

आमच्या शाळेतले गणिताचे सर ५२ वर्षांचे. एकाच मुलाचे गुण दोनदा भरू लागले, भलत्याच वर्गावर जाऊन बसू लागले. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणाले, 'घेतात वाटतं!' सगळे हसले. मीही हसलो. थायरॉइडच्या दोषाने, बी-१२ च्या कमतरतेनेही असा विसर पडतो आणि तो औषधाने सुधारू शकतो. निदान तेवढ्यासाठी तरी त्यांना डॉक्टरकडे न्यावे, हे आम्हा पंधरा शहाण्यांपैकी एकालाही सुचले नाही. चालकांनी 'मानाने' राजीनामा मागितला. सरांनी सहीच्या जागी तारीख घातली, तेव्हा सही कुठे करायची ते बोट ठेवून मी दाखवले. स्मृतिभ्रंशाचे निदान झाले त्यानंतर आठ महिन्यांनी.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो, नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी वा अनुदानित संस्थेने माणसाला काढू नये, झेपेल ते काम त्याच पगारावर द्यावे. मानसिक आजाराच्या त्यातल्या व्याख्येत स्मृतीच्या बिघाडाचाही उल्लेख आहे. पण आमचे चालक हुशार! 'काढले कुणी? त्यांनीच राजीनामा दिला.' आणि राजीनामा दिला की मागची सारी नोकरी पेन्शनच्या हिशेबातून बाद.

आता वहिनी पोळ्या लाटायला जातात. थोरलीचे ठरत आलेले स्थळ 'त्या घरात वेड आहे' म्हणून मोडले. धाकटीचे कॉलेज सुटले. साडेदहा वाजले की बाबा पिशवी घेऊन शाळेला निघतात, तेव्हा दाराशी कुणीतरी हवे. सत्तरीचा म्हातारा वाट चुकला तर लोक हात धरून घरी आणतात. पन्नाशीचा धडधाकट पुरुष भलत्या अंगणात शिरला की दारे लागतात.

राजीनामा रद्द करावा, असा अर्ज मी चालकांकडे दिला आहे. सही कशी घेतली गेली हे त्यात साक्षीदार म्हणून लिहिले आहे, माझ्या बोटासकट. शिक्षकांच्या खोलीत हल्ली माझ्याशी फारसे कुणी बोलत नाही.