उंबरठा आणि रस्ता

आमच्या वाड्यांतून रस्त्यावर यावयाचें तर पूर्वीं तीन पायऱ्या उतराव्या लागत. आज एकच उरली आहे. बाकीच्या दोन कोठें गेल्या, असें धाकटी नात परवां विचारूं लागली. पायऱ्या खचल्या नाहींत. रस्ताच वर आला. दर खेपेस जुन्या थरावर नवा थर पसरला, आणि गेल्या पावसाळ्यांत रस्त्यावरचें पाणी थेट ओटीपर्यंत आलें. सामान माळ्यावर चढवितांना जी तारांबळ उडते, ती वाचकांपैकीं अनेकांनीं अनुभविली असेल.

उपाय सरळ आहे. नवा थर घालण्यापूर्वीं जुना खरवडून काढावा. परंतु निघालेल्या त्या काळ्या ढेकळांचें करावयाचें काय? तो निव्वळ राडारोडा, अशीच आमचीहि समजूत होती. वास्तविक तें मोडीचें सोनें आहे.

रस्त्याच्या मिश्रणांत वजनानें सुमारें ९५ भाग खडी व ५ भाग डांबर असतें. खडी पुष्कळ काळ टिकते. डांबर मात्र उन्हानें व हवेंतील प्राणवायूनें कडक होत जातें. त्यांतील स्निग्ध अंश घटतो व रस्त्याला भेगा पडतात. तरीहि तें निकामी होत नाहीं. त्याला पुन्हां उष्णता द्यावी, मऊ जातीचें नवें डांबर किंवा योग्य तेल मिसळावें, म्हणजे तें खडीला पुनश्च धरूं लागतें.

डांबर हा खनिज तेलाच्या शुद्धीकरणांत शेवटीं उरणारा पदार्थ. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें व कांहीं महिन्यांतच त्याची किंमत जवळजवळ चौपट झाली; तेव्हां अमेरिकेंतील स्थापत्यविशारदांचें लक्ष रस्त्यांतील या ठेव्याकडे विशेष वळलें. आपल्याकडेहि इंडियन रोड्स काँग्रेसनें २०१५ सालीं या कामाची मार्गदर्शिका काढली आहे.

मात्र येथें प्रमाण सुटलें कीं काम बिघडलेंच. जुना माल थेट ज्वाळेंत धरल्यास डांबर जळून धूर निघतो. म्हणून नवी खडी अधिक तापवून तिच्या उष्णतेनें त्याला तापवितात. तो भिजलेला असल्यास बरीचशी उष्णता पाणी आटविण्यांतच जाते. यास्तव तो छपराखालीं ठेवावा लागतो. जुन्याचा भाग फार वाढविला आणि मऊपणाची तजवीज केली नाहीं, तर रस्ता लौकर तडकतो. मग स्वस्ताईच्या लोभानें वाचविलेला पैसा डागडुजींत खर्ची पडतो.

तेव्हां वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, दारचा रस्ता नवा होणार असें कळतांच घरच्या कर्त्या माणसानें दोन प्रश्न अवश्य विचारावे. जुना थर खरवडणार कीं नाहीं? आणि खरवडलेला माल जाणार कोठें? पहिल्यावर आपला उंबरठा अवलंबून आहे; दुसऱ्यावर, खडीसाठीं फोडला जाणारा कोठलातरी डोंगर. आमची उरलेली एक पायरी राहावी म्हणून आम्हीं हे प्रश्न लेखी विचारले आहेत.