बीप वाजल्यानंतर : खजिन्याच्या 'थरारा'विषयी

थ्रेड.

मार्च २०२५. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरनजीक असीरगडाच्या परिसरातील शेतांमध्ये रात्रीच्या अंधारात मोबाइलचे दिवे लुकलुकत होते. गावकऱ्यांच्या झुंडी कुदळी, चाळण्या आणि काही ठिकाणी चक्क मेटल डिटेक्टर घेऊन माती उपसत होत्या. निमित्त 'छावा' चित्रपटाचे. पडद्यावर बुऱ्हाणपूरची लूट दिसली, त्याला मोगलकालीन मोहरा सापडल्याची वदंता येऊन मिळाली आणि शेतांची चाळण झाली. अखेर पोलिसांना लक्ष घालावे लागले.

या खोदकामाला इतिहासाचा आधार किती? १६८१ च्या जानेवारीअखेरीस मराठ्यांनी बहादूरपुऱ्यासारखी बुऱ्हाणपूरची श्रीमंत उपनगरे लुटली, हे खरे. परंतु लूट करणारे सैन्य लूट घेऊन जाते. ती शत्रूच्याच किल्ल्याखाली पुरून ठेवत नाही, आणि असीरगड तेव्हा मोगलांकडे होता. बुऱ्हाणपुरात मोगलांची टांकसाळ होती, तेव्हा तिथल्या मातीत एखादे नाणे मिळणे अशक्य नव्हे. मात्र ज्या चित्रपटाने लोकांना कुदळ हाती घ्यायला लावले, त्याच चित्रपटातील घटनेचा साधा तर्क कुणी तपासून पाहिला नाही.

हे वेड केवळ खेड्यातले, असे समजून शहरी इतिहासप्रेमींनी हात झटकू नयेत. परदेशी डिटेक्टरवाल्यांच्या चित्रफिती पाहून 'सर्वांत थरारक शोध' मोजण्याची सवय त्यांनाही लागली आहे. त्या मोजणीचा क्रम ठरलेला असतो. आधी सोन्याची नाणी, मग दागिने, मग तलवारीची मूठ, आणि शेवटी 'किंमत किती आली' हा आकडा. हा क्रम मुळातच चुकीचा आहे. त्याचा पुरावा ज्या देशात हा छंद सर्वाधिक फोफावला, त्या इंग्लंडातच मिळतो.

२०१५ हे एकच वर्ष घ्या. त्या वर्षी इंग्लंडात व्हायकिंगांनी पुरलेले दोन साठे सापडले. दोन्ही एकाच धामधुमीतले, इ.स. ८७० नंतरच्या दशकातले. व्हायकिंगांच्या मोठ्या सैन्याने इंग्लंडातील राज्ये एकामागून एक गिळली होती आणि वेसेक्सचा राजा आल्फ्रेड त्यांच्याशी झुंजत होता, तो हा काळ.

पहिला साठा जूनमध्ये लेमिन्स्टरजवळ सापडला. दोघा डिटेक्टरवाल्यांनी तो उकरला आणि कुणालाही न कळवता गुपचूप विकायला काढला. सोन्याचे कडे, अंगठी, सोन्यात मढवलेला स्फटिकाचा मणी आणि अंदाजे ३०० नाणी. खटला उभा राहिला तोवर हाती लागली होती फक्त ३१ नाणी. पोलिसांनी त्यांच्या फोनमधून पुसून टाकलेली छायाचित्रे परत मिळवली, तेव्हा कुठे साठा मूळचा किती मोठा होता याचा अंदाज आला. २०१९ मध्ये दोघांनाही तुरुंगवास झाला. बहुतेक नाण्यांचा पत्ता आजही लागलेला नाही.

दुसरा साठा ऑक्टोबरात, ऑक्सफर्डशायरमधील वॉटलिंग्टनजवळ. शोधणारा जेम्स मॅथर नावाचा निवृत्त गृहस्थ. त्याने नाणी पाहिली, हात आवरला आणि नोंदणी अधिकाऱ्याला फोन केला. पुरातत्त्वज्ञांनी साठा मातीच्या ढेकळासकट उचलून नेला आणि ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत एकेक नाणे सुटे केले. १८६ नाणी, चांदीच्या लगडी आणि काही दागिने. पुढे ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयाने हा साठा १३.५ लाख पौंडांना विकत घेतला.

आता खऱ्या थराराकडे. या दोन्ही साठ्यांत एक विलक्षण प्रकारचे नाणे आहे. मागच्या बाजूला दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले. ही नक्षी जुन्या रोमन नाण्यावरून उचललेली आहे. पुढच्या बाजूला काही नाण्यांवर आल्फ्रेडचे नाव, तर काहींवर मर्सियाचा राजा दुसरा केओलवुल्फ याचे. पूर्वी हा प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच नाण्यांवरून ठाऊक होता.

हा केओलवुल्फ कोण? आल्फ्रेडच्या दरबाराच्या छायेत लिहिल्या गेलेल्या इतिवृत्ताने त्याची बोळवण एक मूर्ख सरदार, व्हायकिंगांच्या हातचे बाहुले, अशी केली आहे. शतकानुशतके इतिहासकार तेच गिरवत आले. नाणी मात्र वेगळी साक्ष देतात. आल्फ्रेड आणि केओलवुल्फ एकाच घडणीची नाणी पाडत होते, एकमेकांना बरोबरीचे मित्र मानत होते. पुढे मर्सियावर आल्फ्रेडचे वर्चस्व आले आणि जुन्या मित्राचे नाव लेखणीने खाली ढकलले गेले. बखर वाचताना ती कुणाच्या पदरी बसून लिहिली गेली हे आधी पाहावे, असे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. इथे मात्र बखरीला उत्तर द्यायला जमिनीतून साक्षीदार उठला.

लेमिन्स्टरच्या चोरांनी त्या साक्षीदाराचे तुकडे करून ते बाजारात विकले. नाहीशा झालेल्या नाण्यांत आल्फ्रेडची किती, केओलवुल्फची किती, एखादा तिसरा राजा होता काय, हे कुणीच सांगू शकणार नाही. चोरीचा माल उद्या एकेक करून लिलावात आला, तरी ते प्रमाण परत मिळणार नाही. परवानगी घेऊन, रीतसर कळवून हाच साठा बाहेर आला असता, तर त्याच माणसांना कायद्यानेच मोठी रक्कम मिळू शकली असती. म्हणजे हाव धरूनही धड व्यवहार साधला नाही.

प्रमाण म्हणजे काय, हे ज्यांना अजून क्षुल्लक वाटते, त्यांच्यासाठी सॉमरसेटमधील फ्रोम येथील मडके. एप्रिल २०१० मध्ये डेव्ह क्रिस्प याला शेतात एका मातीच्या भांड्याचे तोंड लागले. त्याने खड्डा बुजवला आणि तज्ज्ञांना बोलावले. मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी निघाली, वजन सुमारे १६० किलो. सोन्याचे एकही नाही. चित्रफितींच्या क्रमवारीत हा शोध कुठे तळाशीच राहील.

पण उत्खनन करणाऱ्यांनी मडके उपडे केले नाही. आतील नाणी थराथराने काढली, प्रत्येक थराची वेगळी पिशवी केली. ब्रिटनमध्ये बंड करून सम्राट झालेल्या कारॉसियसची नाणी या साठ्यातील सर्वांत उशिराच्या नाण्यांपैकी. घरातील पैसा वर्षानुवर्षे साठत गेला असता, तर ती सर्वांत वर मिळायला हवी होती. ती बहुतांशी बरीच खाली होती. याचा अर्थ सारे मडके एका खेपेत भरले गेले. शिवाय मडक्याची भिंत इतकी पातळ, की एवढे वजन भरल्यावर ते उचलताच फुटावे. म्हणजे ते आधी जमिनीत बसवले आणि मग त्यात नाणी ओतली. परत काढण्याच्या सोयीने हे केलेलेच नव्हते. त्यावरून ही पुरलेली पुंजी नसून एखाद्या समुदायाने देवतेला वाहिलेले दान असावे, असा विचार अभ्यासकांनी मांडला. त्यावर वाद घालता येतो. पण वाद घालण्याजोगे काही शिल्लक राहिले, ते क्रिस्पने वेळीच खड्डा बुजवला म्हणून. ती नाणी बादलीत उपसून घरी नेली असती, तर उरले असते केवळ १६० किलो गंजके तांबे.

हॉक्सन येथील साठ्याची गोष्ट याहून प्रसिद्ध. नोव्हेंबर १९९२ मध्ये एरिक लॉज हा गृहस्थ मित्राचा शेतात हरवलेला हातोडा शोधायला गेला आणि त्याला १४,८६५ रोमन नाणी, सोन्याचे दागिने आणि चांदीची भांडी असलेली पेटी लागली. त्यानेही थोडे उकरून हात थांबवला. म्हणूनच लाकडी पेटीत कोणती वस्तू कुठे ठेवली होती, हे आज सांगता येते. त्या भांड्यांत मिरपूड ठेवण्याच्या चार चांदीच्या डब्या आहेत. रोमन जगातली मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून जात असे. पाचव्या शतकाच्या आरंभी, साम्राज्याच्या पार वायव्य टोकाला, घर सोडताना कुणीतरी मिरपुडीची डबी जपून पुरून ठेवते, यात किलोभर सोन्याहून अधिक इतिहास आहे. हातोडाही सापडला, आणि तोही आज ब्रिटिश म्युझियममध्येच आहे.

आता घरच्या अंगणात यावे. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या बुंध्याशी खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या. बैलजोडी जुंपलेला रथ व त्यात उभा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. भारतीय प्रागितिहासातील अद्वितीय ठेवा. पण तो उत्खननाच्या थरात नव्हे, तर असा अवचित हाती आला. शेतकऱ्याचा यात काडीचाही दोष नाही. त्याने डिटेक्टर फिरवला नव्हता, तो आपले काम करत होता. तरी परिणाम व्हायचा तो झालाच. बहुतेक विद्वान हा ठेवा उत्तर हडप्पा काळाचा मानतात, तर धातूतील आर्सेनिकचे प्रमाण पाहून काहींनी तो बराच नंतरचा असण्याची शक्यता मांडली. वस्तू डोळ्यांसमोर आहेत, पण त्यांच्याभोवतीची माती साक्ष द्यायला उरली नाही.

याउलट नाशिकजवळचे जोगलटेंभी. १९०६ मध्ये तिथे क्षहरात राजा नहपान याची सुमारे १३,२५० चांदीची नाणी एकत्र मिळाली, आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. गौतमीपुत्राने क्षहरातांचा पाडाव केला, हे नाशिकच्या लेणीतील शिलालेख सांगतो. शिलालेखात प्रशस्ती असते, ती अतिशयोक्तही असू शकते. एका साठ्यातील दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर विजेत्याचा ठसा असणे, ही प्रशस्ती नव्हे. तो साठा आधीच फुटून शंभर घरांत गेला असता, तर नाणी राहिली असती, पण हा हिशेब मांडता आला नसता.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. सरकारी गोदामात धूळ खाण्यापेक्षा छांदिष्टाच्या हाती नाणे गेले तर बिघडले कुठे? या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. इंग्लंडने १९९६ चा कायदा करून चौदा दिवसांत कळवण्याचे बंधन घातले, पण त्याबरोबर बाजारभावाने बक्षीस ठेवले आणि साध्यासुध्या वस्तूही नोंदवून घेणारी यंत्रणा उभी केली. तिच्याकडे १५ लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. मॅथर, क्रिस्प, लॉज हे सारे हौशीच. इंग्लंडमधील सर्वांनाच ही व्यवस्था निर्दोष वाटते असे नाही, पण फोन उचलणारे कुणीतरी आहे, एवढे नक्की.

भारतात आजही १८७८ चा निखात निधी कायदा लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक, लपवल्यास शिक्षा. आणि सरकारने ठेवा घ्यायचा ठरवला, तर मोबदला किती? धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. सोनाराच्या तराजूने इतिहास तोलणारा हा कायदा आहे. सातवाहनांच्या दुर्मीळ नाण्यालाही चांदीचा भाव अधिक वीस टक्के. मग ते नाणे मुशीत जाते किंवा दलालाकडे, यात नवल ते काय? गुप्तधन शोधणाऱ्या गावकऱ्याला नावे ठेवणाऱ्यांनी या कलमाकडेही बोट दाखवायला हवे. गुप्तधनाच्या नादात माणसाचा बळी देण्यापर्यंत मजल जाते म्हणून महाराष्ट्राला २०१३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. पण प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला न्याय्य मोबदला देणारा कायदा अजून झालेला नाही.

तोवर गडावर डिटेक्टर घेऊन जाण्याला छंद म्हणू नये. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत विनापरवाना खणणे हा गुन्हा आहे, आणि साध्या शेतातही यंत्र बीप करते ते जेमतेम वीत-दीड वीत खोलीवरच्या धातूला. आजूबाजूची खापरे, राख, धान्याचे जळके दाणे, खांबाचा खळगा यांपैकी कशाचाच आवाज येत नाही. नांगराच्या फाळाला नाणे लागलेच, तर जागा नेमकी टिपून ठेवावी, तिचे व नाण्याचे छायाचित्र घ्यावे, पुढे उकरू नये आणि तहसील कचेरीत लेखी कळवून पोच घ्यावी. आणि नाणे चिंचेने, लिंबाने किंवा राखेने घासू नये. त्या हिरव्या पुटाखालीच पुष्कळदा अक्षरे टिकून असतात.