केमोची नळी : कोणाला कोणती?

‘‘डॉक्टर, आता टोचायला शीरच उरली नाही,’’ असे म्हणत शिरूरजवळचा एक शेतकरी काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर बसला. आतड्याच्या कर्करोगासाठी त्याची पुण्यात केमोथेरपी चालू होती. पुढे तेथे त्याच्या दंडात एक बारीक नळी बसवली. दर आठवड्याला ती धुऊन पट्टी बदलायची होती. त्यासाठी पुण्याची खेप म्हणजे दोघांचा दिवस बुडणार. ऐन कांदा काढणीत दोन आठवडे चुकले. तिसऱ्या आठवड्यात नळी धुऊन घेतल्यावर तासाभरात त्याला हुडहुडी भरली. मी हिवताप समजून गोळ्या देऊन घरी पाठवले. नळीतला जंतुसंसर्ग रक्तात गेला होता. दुसऱ्या दिवशी पुण्याला नेले म्हणून तो वाचला. नळी मात्र काढावी लागली. ही माझी चूक होती. म्हणून आज हा विषय.

अशी नळी लागतेच कशाला? केमोची काही औषधे दाहक असतात. डॉक्सोरुबिसिनसारखे औषध शिरेबाहेर झिरपले तर तेथील मांस जळते. नळीचे टोक हृदयाजवळच्या मोठ्या नीलेत असते. तेथे रक्ताचा ओघ मोठा, त्यामुळे औषध लगेच पातळ होते.

या साधनांचे मुख्य प्रकार तीन. ‘पिक लाइन’ दंडातून घालतात. शस्त्रक्रिया लागत नाही, सुरुवातीचा खर्चही कमी. ‘हिकमन’ नळी छातीच्या कातडीखालून नेतात. रक्ताच्या कर्करोगात व अस्थिमज्जा प्रत्यारोपणात तिचा उपयोग होतो. या दोन्हींचे टोक अंगाबाहेर लोंबते, त्यामुळे आठवड्याची निगा आणि आंघोळीला जपणूक आली. तिसरे साधन ‘पोर्ट’. नाण्याएवढी डबी छातीच्या कातडीखाली छोट्या शस्त्रक्रियेने बसवतात. बाहेर काहीच दिसत नाही. जखम भरल्यावर आंघोळ करता येते. वापर नसताना साधारण चार आठवड्यांनी धुतले तरी चालते. काही रुग्णालये याहून अधिक अंतर ठेवतात. मात्र पोर्ट महाग, आणि काढतानाही छोटी शस्त्रक्रिया लागते.

ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक रुग्णांवर या तिन्हींची तुलना झाली. ‘लॅन्सेट’ने २०२१ साली तिचे निष्कर्ष छापले. पोर्ट व पिक यांच्या तुलनेत पोर्टवाल्या ३२ टक्के, तर पिकवाल्या ४७ टक्के रुग्णांना जंतुसंसर्ग, रक्ताची गाठ, नळी तुंबणे असे त्रास झाले. पोर्ट व हिकमनच्या तुलनेत हे आकडे २९ व ४३ टक्के होते.

माझे मत असे की, नळी निवडताना रुग्णाचे गाव आणि काम विचारात घ्यावे. पुण्यात राहणाऱ्याला पिक सोयीची असेल; पण शिरूर-दौंडच्या खेड्यातल्या, उसाच्या फडात वा गोठ्यात राबणाऱ्या माणसाचे उपचार कित्येक महिने चालणार असतील, तर पोर्टचा विचार आधी व्हावा. स्वस्त नळीच्या खर्चात दर आठवड्याचे भाडे आणि बुडालेली मजुरीही धरा. पहिल्या डोसाआधीच डॉक्टरांना विचारा, ‘‘मला कोणती नळी, आणि का?’’ पोर्टचा खर्च सरकारी योजनेत बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

दुसरी जबाबदारी आम्हा गावच्या डॉक्टरांची. तालुक्याला नळीची निगा जाणणारी एक तरी परिचारिका हवी. पोर्टमध्ये साधी सुई कधीही टोचू नये. त्याची खास ‘ह्यूबर’ सुई असते. नळी धुताना दहा मिलीपेक्षा लहान सिरिंज वापरू नये. तिच्या दाबाने नळी फुटू शकते. पिक असलेल्या हाताचा रक्तदाब घेऊ नये.

वाचकहो, घरात असा रुग्ण असेल तर एवढे ध्यानात ठेवा. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक, नळी धुतल्यावर थंडी वाजणे, हात वा मान सुजणे, नळीपाशी लाली वा पू, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी थांबू नका. उपचार चालू असलेल्या रुग्णालयाला फोन करा आणि निघा. वाटेत माझ्यासारख्या डॉक्टरकडे गेलात, तर पहिले वाक्य हेच सांगा : ‘‘याच्या अंगात नळी आहे.’’