सायकलवर ‘अलॉय रिम’ लिहिलंय, म्हणजे ती खड्ड्यांत टिकेल का?

दिवाळीत मामाच्या गावी, कोरीटला गेले होते. नंदुरबार तालुक्यातलं गाव. अंगणात दोन सायकली उभ्या होत्या. एक मामेभावाची: जाड टायर, गिअर, पुढे शॉकअप, दांडीवर मोठ्या अक्षरात ‘एमटीबी’ आणि रिमवर ‘अलॉय’चं स्टिकर. दुसरी त्याच्या बहिणीची. ती नववीत आहे. साधी लेडीज सायकल, पुढे बास्केट, चकचकीत स्टीलची रिम. भावाची सायकल घेऊन चारच महिने झाले होते आणि मागचं चाक ब्रेकच्या रबराला घासत होतं. बहिणीची दीड वर्ष जुनी, चाक मात्र सरळ.

मामाचा निकाल तयार होता. “अलॉय म्हणजे नुसता शो आहे बेटा. लोखंड ते लोखंड.”

मामा अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा भाग समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण सध्या बऱ्याच घरांत सायकल घ्यायची चर्चा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दुसरीकडे राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात २३ जिल्ह्यांच्या १२५ तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. नंदुरबार जिल्हा त्यात आहे. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली, आणि ती शाळेच्या या वर्षांत एकदाच मिळते. म्हणजे आठवीत घेतलेली सायकल बारावीपर्यंत पुरवायची. प्रश्न असा की चाक तेवढं पुरतं का?

अलॉय म्हणजे नक्की काय?

सायकलच्या दुकानात ‘अलॉय’ म्हणतात तेव्हा अर्थ असतो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन थोडं थोडं मिसळलेलं असतं. सायकलच्या धंद्यात यातला ‘६०६१’ हा प्रकार सगळ्यात जास्त ऐकू येतो. चांगल्या रिमचा धातू आधी साच्यातून पट्टीसारखा काढतात, मग गोल वळवून टोकं जोडतात आणि उष्णता देऊन त्याला ताकद आणतात. त्याच धातूची पण ही शेवटची प्रक्रिया नीट न झालेली रिम बरीच मऊ राहते. स्टिकर दोघींवर सारखंच.

ॲल्युमिनियमचं वजन स्टीलच्या साधारण एक तृतीयांश. पण ताठपणाही एक तृतीयांशच. त्यामुळे स्टीलच्या जाडीची, त्याच आकाराची अलॉय रिम बनवली तर ती हलकी होईल आणि तेवढीच लवचीकही. तो ताठपणा परत मिळवायचा तो आकारातून. खरा खेळ इथे आहे.

काडेपेटी घ्या. आतला ट्रे बाहेर काढून पिळून बघा, सहज पिळला जातो. आता तो ट्रे परत कव्हरमध्ये घाला आणि पिळा. पुठ्ठा तोच, पण पेटी दाद देत नाही. सिंगल वॉल रिम म्हणजे उघडा ट्रे. डबल वॉल रिममध्ये आत आणखी एक भिंत असते, त्यामुळे पूर्ण गोलाभर एक बंद पोकळ पेटी तयार होते. खडबडीत रस्त्यासाठी अलॉय घ्यायची तर डबल वॉलच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सिंगल वॉल अलॉयपेक्षा बरी बसवलेली स्टीलची रिम परवडली.

ओळखायचं कसं? ट्यूब काढून रिमच्या आत बघायचं. स्पोकच्या निपलची डोकी अगदी वर, हाताला लागतील अशी दिसली तर सिंगल वॉल. ती खोल भोकांच्या आत दिसली तर डबल वॉल. दुकानदार टायर काढून दाखवायला कुरकुर करतो, पण पैसे आपले आहेत.

मग भावाची रिम का गेली?

त्याची रिम डबल वॉल निघाली. म्हणजे माल वाईट नव्हता. नंदुरबारच्या एका मेकॅनिककडे चाक नेलं. त्याने रिमकडे पाहिलंच नाही, आधी स्पोक दाबून बघितले. अर्धे सैल.

आपल्याला वाटतं सायकलचं वजन रिम तोलते. तसं नाही. स्पोक बारीक तारा आहेत, त्या दाबल्या की वाकतात, त्यामुळे खांबासारखं वजन घेऊ शकत नाहीत. त्या ताणून बसवलेल्या असतात. चांगल्या चाकात एकेका स्पोकवर साधारण १०० किलो वजन टांगल्याइतका ताण असतो. खाटेच्या दोरीसारखं आहे हे. दोरी सैल पडली की चौकट कितीही सागवानी असू दे, खाट तिरपी होणारच. चाक जमिनीवर जिथे टेकतं तिथल्या स्पोकचा ताण क्षणभर कमी होतो आणि चाक पुढे गेलं की परत येतो. ताण मुळातच कमी असेल तर त्या क्षणी स्पोक पूर्ण सैल पडतात, निपल थोडं थोडं फिरतं, आणि तिथली रिम एकटी पडते. मग एक खड्डा पुरतो.

नव्या सायकलचे स्पोक पहिल्या काही आठवड्यांत बसतात, म्हणजे ताण उतरतो. म्हणून महिन्याभरात एकदा चाकाचा आउट काढून स्पोक कसून घ्यायला हवेत. भावाला हे दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा स्वतःचाही वाटा आहेच: मित्राला मागे डबलसीट घेऊन शेताच्या रस्त्याने जाणं, आणि जाड टायर आहे म्हणून हवेकडे दुर्लक्ष. हवा कमी असली की दगडावर टायर पूर्ण दबतं आणि रिमची कड थेट दगडावर आपटते. ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडलेली दिसली तर समजायचं की रिमही आपटली आहे. हवा किती हवी ते टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं. अंगठ्याने दाबून “चालतंय” म्हणणं जाड टायरला लागू पडत नाही.

बहिणीची सायकल का टिकली? ती एकटी चालवते, हलकी आहे, खड्डा आला की उतरते. मामाच्या लोखंडाला यातलं थोडंच श्रेय.

रीलमधल्या उड्या आणि शाळेची वाट

रीलवर डोंगरावरून सायकली खाली सोडणारे लोक बघून वाटतं, यांच्या रिम कशा टिकतात? ऑस्ट्रियातल्या लिओगांगला २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेचा ॲरन ग्विन याचं मागचं टायर उतरताना निकामी होऊन निघालं, तरी तो उघड्या रिमवर दगडधोंड्यांतून शेवटपर्यंत खाली आला. तो व्हिडिओ अजून फिरतो. डाउनहिल खेळणारे अनेक जण कार्बन परवडत असूनही अलॉय रिम वापरतात, कारण अलॉय आपटली की बहुतेक वेळा आधी वाकते, कार्बनला तडा जातो. वाकलेल्या रिमवर घरी तरी येता येतं.

पण रीलमध्ये एक गोष्ट दिसत नाही. या स्पर्धकांचे मेकॅनिक पुन्हा पुन्हा चाक तपासतात आणि रिम वाटेल तेव्हा बदलतात. आपल्याला तीच रिम वर्षानुवर्षं चालवायची असते, आणि तिथे ॲल्युमिनियमची एक उणी बाजू पुढे येते. स्टीलवरचा भार ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तर ते जवळपास कितीही वेळा दाबलं-सोडलं तरी थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादाच नाही. छोटा भारही पुरेशा वेळा आला तर कधीतरी तडा जातो.

“पुरेशा वेळा” म्हणजे किती? साधा हिशोब करू. शाळा पाच किलोमीटर, जाऊन-येऊन दहा. वर्षाचे २०० दिवस धरले तर २,००० किलोमीटर. २६ इंची चाक एका किलोमीटरला साधारण ४८० वेळा फिरतं. म्हणजे रिमचा प्रत्येक भाग वर्षाला साडेनऊ लाखांहून जास्त वेळा दाबला जातो. आठवी ते बारावी, जवळपास ४८ लाख वेळा. चांगली डबल वॉल रिम हे सहज सोसते. पातळ, सैल स्पोकांची रिम सोसत नाही, आणि तडा जातो तो बहुतेक वेळा स्पोकच्या भोकाजवळ. तिथे केसाएवढी रेघ किंवा फुगवटा दिसला तर आउट काढून उपयोग नाही, रिम बदलायचीच.

मग स्टीलच घ्यावं का? खेड्यापाड्यांत दूध, चारा, गॅसची टाकी वाहिलेल्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत, रिम स्टीलची. वाकली तर ठोकून सरळ व्हायची. अलॉय एकदा नीट वाकली की ठोकून पूर्वीसारखी होत नाही, उलट तडकू शकते. इथे मामा जिंकला.

पावसाळ्यात मात्र तो हरतो. क्रोमची गुळगुळीत स्टील रिम ओली झाली की रबराचा ब्रेक तिच्यावर घसरतो आणि सायकल थांबायला बरंच जास्त अंतर लागतं. अलॉयवर ओल्यातही रबर बरं पकडतं. जुलैत समोर अचानक ट्रॅक्टर आला तर हा फरक रिमच्या आयुष्यापेक्षा मोठा आहे. शिवाय स्टीलला स्पोकच्या भोकांतून गंज धरतो. काळ्या मातीच्या चिखलात रोज जाणाऱ्या सायकलीला तर नक्कीच.

अलॉयलाही चिखल सोडत नाही. ब्रेकच्या रबरात अडकलेली बारीक रेती प्रत्येक ब्रेकला रिमची भिंत थोडी घासते. तोरणमाळसारख्या घाटातून उतरणाऱ्यांनी हे जास्तच बघावं. स्टीलची पट्टी रिमच्या बाजूला आडवी धरून बघा. मधे फट दिसली, म्हणजे भिंत आत खोलगट झाली असेल, तर ती रिम हवेच्या दाबाने एखाद्या दिवशी फाटू शकते. डिस्क ब्रेकच्या सायकलीत हा त्रास नाही.

पाच हजारांत काय बसतं?

आता परत योजनेकडे. पाच हजारांच्या आसपासच्या सायकलीत बहुतेक वेळा स्टीलची किंवा सिंगल वॉल रिम मिळते. आधी ३,५०० रुपये खात्यात येतात, सायकलची पावती दाखवली की उरलेले १,५००. पावतीवर सायकल घेतल्याचं कळतं, ती सहा महिन्यांनी चालते का हे कळत नाही.

जीएसटी कमी झाल्यामुळे पूर्वी करासह ५,००० ला मिळणारी सायकल, दुकानदाराने पूर्ण फायदा दिला तर, साधारण ४,६९० ला पडायला हवी. तीनशेच्या वर वाचतात. या पैशांत रंगीत बास्केट घेण्याऐवजी हातपंप घ्यावा आणि महिन्याभराने चाकाचा आउट काढायचा हे दुकानदाराकडून पावतीवरच लिहून घ्यावं. सरकारलाही दुसऱ्या हप्त्यासाठी ही एक ओळ मागता येईल. त्याला नवा निधी लागत नाही.

पुण्यात जानेवारी २०२६ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, तेव्हा तिच्या मार्गावरचे रस्ते नव्याने गुळगुळीत केले गेले. छान झालं. शाळेच्या वाटेवर तसं कुणी करेपर्यंत भार चाकालाच घ्यायचा आहे.

भावाच्या रिमला तडा नव्हता. मेकॅनिकने सगळे स्पोक कसून चाक अर्ध्या तासात सरळ करून दिलं आणि त्याला एक युक्ती शिकवली: रविवारी चाक उचलून प्रत्येक स्पोक बोटाने छेडायचा. सगळे एका सुरात ‘टण’ वाजले तर ठीक. एखादा ‘थप’ वाजला तर तो सैल आहे. कोरीटला परतल्यावर बहिणीने पहिल्यांदा स्वतःच्या सायकलचे छेडून बघितले. मागच्या चाकात तीन ‘थप’ निघाले.