साक्ष दिली, पण कागदावर काय उतरले?



कोर्टात गेलो की आपली नजर न्यायाधीशांवर, फार तर वकिलांवर असते. न्यायासनाच्या खाली मान घालून बसलेल्या लघुलेखकाकडे, म्हणजे स्टेनोकडे, कोणी बघत नाही. पण आपली साक्ष कागदावर येते ती त्याच्याच बोटांतून.

त्याचे काम काय? आपल्याकडे बहुधा साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते ऐकून सलग निवेदनाच्या रूपात सांगतात आणि स्टेनो तेच उतरवतो. पदरचा शब्द घालायचा नाही, सांगितलेला गाळायचा नाही. निकालपत्र तोच टाइप करतो. पण निकाल जाहीर होईपर्यंत घरीसुद्धा त्यातले अवाक्षर काढायचे नाही.

अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यात तर या कागदाला फार मोल आहे. आरोपी नेमके काय बोलला, कोठे बोलला, कोणादेखत बोलला, यावर खटला उभा राहतो किंवा पडतो. साक्षीदार बाई सगळे शब्द सांगते. नोंदीत मात्र ‘जातीवरून शिवीगाळ केली’ एवढेच येऊ शकते. ‘चावडीसमोर, लोकांदेखत’ हे राहून जाऊ शकते. पुढे अपिलात वरचे कोर्ट तिचा आवाज ऐकत नाही. हा कागद वाचते.

कायद्याने यावर उपाय ठेवला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम २७८ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३१३ झाले आहे. साक्ष संपली की आरोपी किंवा त्याच्या वकिलासमोर ती साक्षीदाराला वाचून दाखवायची आणि जरूर तर दुरुस्त करायची. साक्षीदाराने चूक दाखवली आणि न्यायाधीशांनी दुरुस्ती केली नाही, तर त्या हरकतीची टीप ठेवण्याची तरतूद आहे. नोंद इंग्रजीत असेल, तर साक्षीदाराला समजेल त्या भाषेत सांगायची. मोक्याचा भाग प्रश्नोत्तराच्या रूपात लिहून घ्यावा, अशी विनंती सरकारी वकिलांमार्फत करता येते. शिवाय अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले. त्यात कामकाजाच्या चित्रीकरणाचीही तरतूद आहे.

गावातून साक्षीदार नेणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे आदल्या दिवशीच त्यांना समजावून सांगावे. पिंजऱ्यातून उतरण्यापूर्वी हात जोडून, पण स्पष्ट आवाजात म्हणावे, “साहेब, माझी साक्ष मला वाचून दाखवा.” तो आपला हक्क आहे.