नव्या कारभाऱ्याची मोहिनी

शाळा सुरू झाली कीं प्रत्येक वर्गांत वर्गनायकाची निवड होते. इतक्या वर्षांच्या अनुभवानें आमच्या ध्यानांत आलेली गोष्ट अशी कीं, ज्या मुलानें पूर्वीं कोणतेंच काम अंगावर घेतलेलें नाहीं असा एखादा मुलगा उठून "आजवरचे सारे नायक आपल्याच सोबत्यांना सांभाळणारे होते" असें बोलला, कीं टाळ्यांचा कडकडाट होतो आणि बहुधा तोच निवडून येतो. मुलांस आम्ही याबद्दल दोष देत नाहीं. जुन्या नायकानें आपल्या मित्रांचीं नांवें फळ्यावर लिहिलीं नाहींत व इतरांचीं मात्र लिहिलीं, हें मुलें विसरत नसतात. त्यांचा राग खरा असतो. प्रश्न एवढाच कीं, त्या रागाचें पुढें करावयाचें काय? मोठमोठीं राष्ट्रेंहि याच प्रश्नापाशीं अडखळलीं आहेत. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाची हकीकत या दृष्टीनें आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि विचारांत घेण्याजोगी आहे.

सन १९९० मध्यें त्या देशाची स्थिति अत्यंत शोचनीय होती. महागाई इतकी कीं, वर्षारंभीं ज्या वस्तूस एक नाणें पडे, तिला वर्षअखेर सत्तरांहून अधिक नाणीं मोजावीं लागलीं. सन १९८० पासून एका सशस्त्र क्रांतिकारी संघटनेनें डोंगराळ मुलुखांत रक्तपात मांडिला होता, आणि तिला दडपण्यास गेलेल्या सैन्याकडूनहि गरीब खेडूतच मारले जात होते. जुन्या पक्षांवरून लोकांचें मन पार उडालें होतें. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकींत विख्यात कादंबरीकार मारिओ वार्गास योसा हे आघाडीवर होते. परंतु त्यांच्या पाठीशीं जुने पक्ष व धनिक मंडळी उभी असलेली लोकांस दिसत होती. अशा वेळीं आल्बेर्तो फुजिमोरी हा गृहस्थ पुढें आला. जपानमधून आलेल्या आईबापांचा हा मुलगा, शेतकी शास्त्राचा अध्यापक व शेतकी विद्यापीठाचा कुलगुरु. राजकारणांत त्याचें नांव कोणास ठाऊक नव्हतें. तो ट्रॅक्टरवर बसून प्रचार करी आणि प्रामाणिकपणा, तंत्रज्ञान व मेहनत या तीन शब्दांवर मतें मागे. राजधानीच्या गोऱ्या, सुखवस्तु वर्गांतला हा नव्हे, एवढ्यावरच झोपडपट्ट्यांतील लोकांस तो आपला वाटला. पहिल्या फेरींत तो दुसरा आला. १० जूनच्या दुसऱ्या फेरींत मात्र शेंकडा ६२ मतें मिळवून तो विजयी झाला.

या विजयांत आम्हां ख्रिस्ती लोकांस विशेष विचार करावयास लावणारी एक गोष्ट आहे. पेरूंतील प्रॉटेस्टंट मंडळ्या संख्येनें लहान. पण त्यांच्यांतील पुष्कळांनीं या नव्या माणसासाठीं दारोदार हिंडून प्रचार केला. त्याचे दुसरे उपाध्यक्ष कार्लोस गार्सिया हे बाप्तिस्त पाळक होते, आणि कित्येक मंडळीसेवक कायदेमंडळांत निवडून गेले. निवडणूक संपतांच या साह्यकर्त्यांचें महत्त्वहि संपलें. प्रचारांत फुजिमोरीनें लोकांवर एकाएकीं कडक आर्थिक उपाय लादणार नाहीं अशी ग्वाही दिली होती. अधिकारावर येऊन दोन आठवडे झाले नाहींत तोंच, ऑगस्टमध्यें, पेट्रोलचा भाव एका रात्रींत सुमारें ३० पट झाला. पुढें ५ एप्रिल १९९२ रोजीं सैन्याच्या बळावर त्यानें कायदेमंडळ बरखास्त केलें व न्यायाधीशांवरहि हात टाकला. आश्चर्य हें कीं, बहुसंख्य जनतेनें त्याबद्दल आनंदच मानला! कायदेमंडळ म्हणजे जुन्या पुढाऱ्यांचा अड्डा, तो मोडला तें बरेंच झालें, असें लोक म्हणाले.

न्यायानें बोलावयाचें तर महागाई खरोखरच आटोक्यांत आली, आणि त्याच सालच्या सप्टेंबरांत क्रांतिकारकांचा म्होरक्या पकडला गेला. पोलिसांच्या एका लहानशा पथकानें महिनोन्‌महिने शांतपणें पाळत ठेवून त्यास पकडलें. परंतु 'नाहीं' म्हणणारा कोणी उरला नाहीं म्हणजे काय होतें, तेंहि त्याच काळांत घडत होतें. सैन्यांतील एका गुप्त टोळीनें १९९१ मध्यें राजधानींत १५ माणसें ठार मारलीं. त्यांत आठ वर्षांचें एक मूल होतें. दुसऱ्या वर्षीं एका अध्यापकास व नऊ विद्यार्थ्यांस विद्यापीठाच्या वसतींतून नेऊन मारलें. सन २००० मध्यें गुप्तहेर खात्याचा सूत्रधार एका प्रतिनिधीस लांच देत असल्याचें चित्रण साऱ्या देशानें पाहिलें. अध्यक्ष महाशय जपानला निघून गेले व तेथून त्यांनीं राजीनामा धाडला. सन २००९ मध्यें वरील हत्यांबद्दल त्यांस २५ वर्षांची शिक्षा झाली. २०२३ च्या अखेरीस सुटका होऊन २०२४ मध्यें त्यांचें निधन झालें.

यावरून "बाहेरच्या माणसावर विश्वासच टाकूं नये" असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. पवित्र शास्त्रांतील दावीद हा मेंढरें राखणारा, घरांतला धाकटा मुलगा. राजदरबाराशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. उलट त्याचा पुत्र अबशालोम राजवाड्यांत वाढलेला. तो मात्र वेशीजवळ उभा राहून, दाद मागावयास येणाऱ्या प्रत्येकाचा पक्ष खरा असल्याचें सांगे, आणि आपल्या हातीं न्याय असता तर किती बरें झालें असतें, असें बोलून लोकांचीं मनें चोरी. तेव्हां माणूस कोठून आला ही खरी कसोटी नव्हे. दावीदाच्या हातून घोर पाप घडलें, त्या वेळीं नाथान संदेष्ट्यानें त्याला तोंडावर अपराधी ठरविलें. राजानें नाथानाचें डोकें उडविलें नाहीं. स्वतःचें डोकें खालीं घातलें. ज्याच्या दारीं नाथानास मज्जाव नाहीं, तोच राज्य करण्यास योग्य. पेरूंतील आमच्या बांधवांनीं त्या गृहस्थास मतें मिळवून दिलीं. पण नाथानासाठीं दार उघडें राहील कीं नाहीं, हें आधीं विचारून घेतलें नाहीं. तें विचारणें हेंच त्यांचें खरें काम होतें, असें आम्हांस वाटतें.

आपल्या देशांत हा प्रश्न फार पूर्वीं विचारला गेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींत बोलतांना इशारा दिला होता कीं, धर्मांत भक्ति असो, राजकारणांत व्यक्तिपूजा ही अधोगतीची व अखेर हुकूमशाहीची वाट आहे. आमच्या विद्यार्थ्यांस अठराव्या वर्षीं मत मिळेल. जुन्यांनीं ज्यांस निराश केलें, त्यांनीं नव्याकडे वळावें हें स्वाभाविकच आहे, आणि जुन्यांनींहि नव्याला दोष देण्यापूर्वीं ही निराशा कोणीं निर्माण केली, हें स्वतःस विचारावें. पण मत देतांना नव्या कारभाऱ्यास एवढें अवश्य पुसावें: "बाबा रे, तूं कोणास हांकलणार तें ऐकलें, तुझा हिशेब तपासावयास कोणास ठेवणार, तें सांग."

याचा अभ्यास वर्गांतच सुरू करावा. या वर्षीं नायक कोणासहि निवडा. मात्र सहलीच्या वर्गणीची वही दुसऱ्या मुलाच्या हातीं द्या, आणि शक्य तर ज्यानें नायकाला मत दिलें नाहीं त्याच्या!